घाटाची राखण आणि दरोड्याचा शिक्का

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका शाळेत मी काही वर्षे मराठी शिकवले. वाक्प्रचारांचा तास होता. फळ्यावर लिहिले, ‘वाल्याचा वाल्मीकी होणे’. अर्थ सांगितला, वाक्यात उपयोग करून दाखवला आणि पुढच्या ओळीकडे वळलो, तोच मागच्या बाकावरचा सहावीतला एक पोरगा उभा राहिला.

“सर, वाल्या कोळी म्हंजी आमच्यातलाच ना?”

वर्ग हसला. तो हसला नाही आणि खालीही बसला नाही. त्याच्या घरचे महादेव कोळी, वर्गातली निम्मी मुले त्याच समाजाची, उरलेली ठाकर, मल्हार कोळी, कातकरी, कुणबी. खिडकीतून आजोबाच्या डोंगराचा कडा दिसत होता. त्या डोंगरात वाल्मीकींचा आश्रम होता आणि लव-कुश तिथेच वाढले, असे इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मानत आली आहेत. वर कड्यातल्या एका कपारीला सीतेचा पाळणा म्हणतात. म्हणजे ज्या डोंगराला हात जोडायचे त्याच डोंगरातल्या ऋषीच्या नावाने या पोराच्या जातीला दरोडेखोरीचा दाखला मिळालेला, आणि तो मीच फळ्यावर लिहून दिला होता. मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी शहापूर-मुरबाडच्या वरच्या घाटांतल्या बंडांपर्यंत पोचलो. वाटेत जे जे ऐकले त्यातले बरेचसे तपासल्यावर टिकले नाही.

गैरसमज: रामायणातच लिहिले आहे की वाल्मीकी आधी कोळी होता आणि वाटमारी करायचा.

वाल्मीकी रामायणात असे काही नाही. बालकांडात वाल्मीकी येतात ते तमसेच्या काठी शिष्यासह स्नानाला निघालेले मुनी म्हणून. व्याधाच्या बाणाने क्रौंच पक्षी मरतो आणि त्या शोकातून श्लोक जन्मतो. त्या प्रसंगात पारधी आहे, पण तो वाल्मीकी नव्हे. उत्तरकांडात रामाच्या सभेत ते स्वतःची ओळख देतात ती प्रचेताचा दहावा पुत्र म्हणून, आणि आपण कधी खोटे बोललेले आठवत नाही, असेही सांगतात.

वाटमारीची कथा त्यानंतर पुष्कळ शतकांनी आलेल्या ग्रंथांत सापडते. अध्यात्म रामायणात वाल्मीकी रामाला आपली पूर्वकथा ऐकवतात. सप्तर्षी भेटले, ‘मरा मरा’ म्हणायला सांगितले, अंगावर वारूळ चढले, ही आपल्याला पाठ असलेली गोष्ट तिथे आहे. पण त्या गोष्टीतला वाटमाऱ्या जन्माने ब्राह्मण आहे. किरातांच्या संगतीत राहून तो चोर झाला, असे तो म्हणतो. ‘वाल्या’ हे नाव आणि त्याच्यापुढचा ‘कोळी’ हे मराठी कथेकऱ्यांच्या तोंडून आलेले आहे. जंगलातला लुटारू कोण असणार, याचे उत्तर सांगणाऱ्याच्या मनात आधीच तयार असावे आणि त्याने ते जातीसकट कथेत घातले असावे, असे मला वाटते. ग्रंथाचा आधार त्याला नाही, एवढे मात्र पक्के.

गैरसमज: कोळी म्हणजे मासेमारी करणारे.

किनाऱ्यावरचे सोनकोळी मासेमारी करतात. सह्याद्रीच्या कुशीतले महादेव कोळी नाचणी, वरई आणि भात पिकवणारे डोंगरी शेतकरी. नाव एक, पण समाज वेगळे. जव्हारचे मुकणे हे राजघराणे महादेव कोळ्यांचेच. चौदाव्या शतकात उभे राहिलेले ते राज्य 1948 मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत टिकले.

गैरसमज: घाटात लपून वाटसरूंना लुटणे हा या लोकांचा पूर्वापार धंदाच होता.

या एका समजुतीने सर्वांत जास्त नुकसान केले आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

मुरबाडहून वैशाखऱ्याला उतरून नाणेघाट चढायला लागा. वरच्या लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला जाई. दोन हजार वर्षे वाहती राहिलेली वाट राखणदाराशिवाय चालत नाही. बैलांचे तांडे, मिठाची पोती, कापड, मसाले हे सगळे अरुंद खिंडीतून जाणार, वर जंगल, खाली दरी. तिथे वाट माहीत असलेला, आणि वाटेवर काही घडले तर जबाबदार धरता येईल असा, माणूस लागतो. घाटाच्या आणि किल्ल्यांच्या राखणीचे हे काम डोंगरातल्या कोळी नाईकांकडे वंशपरंपरेने होते. त्याबद्दल त्यांना नेमणूक मिळे, काही गावांवर हक्क मिळे. सत्ता बदलली तरी हे काम बहुधा त्यांच्याकडेच राही, कारण डोंगर त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. पुरंदरच्या भागात हेच काम रामोश्यांकडे होते.

1818 मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांना डोंगरी किल्ल्यांची धास्ती होती. पुन्हा कुणी वर चढून बसू नये म्हणून त्यांनी किल्ल्यांचे तट पाडले, पायऱ्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. किल्लाच उरला नाही तिथे शिबंदी कशाला, असा हिशेब झाला. नेमणुका बंद पडल्या, हक्क आखडले. घाटाची जोखीम वाहणारा माणूस एका पावसाळ्यात बिनकामाचा झाला. हातात शस्त्र, पायाखाली चोरवाटा आणि घरात दाणा नाही.

उठावांचा क्रम इथून सुरू होतो. पुरंदरच्या बाजूला रामोश्यांचे उमाजी नाईक उठले. त्यांना 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी झाली. अकोले, जुन्नर आणि खालच्या कोकणपट्टीच्या डोंगरांत 1828 पासून महादेव कोळ्यांचे बंड पेटले. रामा किरवा त्याचा म्होरक्या होता. तो पकडला गेला आणि 1830 मध्ये अहमदनगरला फाशी गेला. रामजी भांगरे हे याच बंडातले आणखी एक पुढारी. बंड मोडायला निघालेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने पुढे महादेव कोळ्यांवर मोठा लेख लिहिला. तो त्यांचा शत्रू होता, पण किल्ल्यांची आणि घाटांची चाकरी गेल्याचे दुखणे त्याच्याही नजरेतून सुटले नाही.

एक चिनी कादंबरी वाचताना मला हेच आठवत राहिले. चौदाव्या शतकातल्या शी नाइआनच्या नावावर असलेली ‘शुइ हू’, म्हणजे पाणथळीच्या काठची कथा. पर्ल बक यांनी 1933 मध्ये ती इंग्रजीत आणली. ल्यांगशानच्या दलदलीत जमलेल्या 108 बंडखोरांची ही गोष्ट आहे. त्यांच्यातला लिन छुंग मला सोडवत नाही. तो मुळात राजधानीच्या शाही फौजेचा शस्त्रशिक्षक, भाला शिकवणारा, बायकोवर जीव असलेला, कायदा मानणारा माणूस. सरदार काओ छ्यूच्या मानलेल्या मुलाची नजर त्याच्या बायकोवर पडते आणि तिथून लिन छुंगचे दिवस फिरतात. खोटा आरोप येतो, गालावर डाग पडतो, सीमेवर हद्दपारी होते. तिथे त्याला सरकारी गवताच्या कोठाराची राखण देतात. बर्फाच्या रात्री त्याला जाळून मारण्यासाठी तेच कोठार पेटवतात. तो वाचतो, पेटवणाऱ्यांना ठार करतो आणि मग डोंगराकडे वळतो. ‘ल्यांगशानावर चढायला भाग पाडले’ हा शब्दप्रयोग चिनी भाषेत त्याच्यामुळे आजही चालतो. नाइलाज झालेल्या माणसाविषयी बोलताना तो वापरतात.

लिन छुंगही राखणदारच होता. चिनी भाषेने त्याची गोष्ट सांगताना त्याला कुणी भाग पाडले हे वाक्प्रचारातच जपून ठेवले. आपल्या वाक्प्रचारात वाल्या आहे, पण त्याला भाग पाडणारा कुणी नाही.

गैरसमज: रामजी भांगरे यांना अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

हे मी भाषणांत ऐकले आहे. सांगणाऱ्यांचा आदर खरा असला तरी काळ जुळत नाही. इंग्रजांनी अंदमानात कैद्यांची वसाहत कायमची उभारली ती 1858 मध्ये, सत्तावन्नच्या उठावानंतर. त्याआधीची वसाहत अठराव्या शतकाच्या अखेरीसच सोडून दिली होती. सेल्युलर जेलची इमारत तर 1906 मध्ये पुरी झाली. रामजींचे बंड 1828 ते 1830 च्या दरम्यानचे. त्या काळात समुद्रापार पाठवलेले कैदी दुसऱ्या बंदरांवर जात. अंदमान हे नाव आपल्या मनात देशभक्तीच्या सर्वोच्च यातनेशी जोडले गेले आहे, म्हणून ते मागच्या माणसांनाही चिकटवले जाते. पण रामजींचे मोठेपण सावरकरांच्या कोठडीतून उसने आणायची गरज नाही. ज्याच्या नावावर कुणी पुस्तक लिहिले नाही अशा माणसाने 1829 च्या सुमारास कंपनी सरकारला डोंगरात झुलवले, हे पुरेसे आहे.

गैरसमज: राघोजी भांगरे म्हणजे श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा आपला रॉबिनहूड. (आणि त्याचा जुळा भाऊ: राघोजी म्हणजे नाक-कान कापणारा क्रूर दरोडेखोर.)

रामजींचा मुलगा राघोजी. जन्म अकोले तालुक्यातल्या देवगावचा, 1805 चा. त्यांच्या नावावर आज दोन चित्रे विकली जातात. एक मिरवणुकीच्या फलकावरचे, दुसरे जुन्या सरकारी कागदांतले. मला दोन्ही अपुरी वाटतात.

1844 पासून पुढची तीन-चार वर्षे राघोजींनी नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे या चार जिल्ह्यांचा घाटमाथा हलवून सोडला. सरकारी गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की पाठलागावर आलेल्या एका देशी अधिकाऱ्याला आणि दहा शिपायांना त्यांच्या टोळीने कापून काढले. सावकारांवरचे हल्लेही खरे आहेत. सावकारांची नाके-कान कापल्याच्या नोंदी आहेत. हे झाकून ठेवून राघोजींचा गौरव करणे मला मान्य नाही. कापले गेलेले नाक हे एका माणसाचे होते, त्याच्या घरीही रडणारे कुणी होते.

पण निशाणा सावकारच का झाला, हे न सांगता केवळ नाकांची गोष्ट सांगणे तितकेच खोटे आहे. सारा रोख भरायचा आणि तोही ठरल्या तारखेला, ही नवी रीत होती. डोंगरातल्या नाचणी-वरईच्या शेतकऱ्याकडे रोकड कुठून येणार? तो सावकाराकडे जाई. आधीही सावकार होताच, पण गावात राहणाऱ्या सावकाराला गावाच्या संमतीशिवाय कुळाची जमीन गिळता येत नसे. आता त्याच्या पाठीशी कोर्ट उभे राहिले. न वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा खतावर घेतला की ते खत पुरावा झाले. समन्स कुठे जाई, तारीख कधी लागे, डोंगरात कुणाला कळत नसे. कळे ते जप्ती आल्यावर. राघोजींच्या टोळीने जिथे घाव घातला तिथे या नव्या व्यवस्थेचा सगळ्यात जवळचा, रोज दिसणारा चेहरा होता. साहेब दूर ठाण्यात किंवा नगरला होता, सावकार पेठेत.

1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या साध्या कुणबी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात खते जाळली, तेव्हा सरकारने दख्खनच्या दंग्यांवर आयोग नेमला. त्या चौकशीत राघोजींच्या काळातल्या या हल्ल्यांचाही मागोवा घेतला गेला. म्हणजे तीस वर्षांनी सरकारला कळले की ते नुसते दरोडे नव्हते. 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, पण सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर एवढ्याच जिल्ह्यांना लागू झाला. ठाणे त्यात नव्हते. घाटावरच्या कर्जदाराला जे संरक्षण मिळाले ते घाटाखाली, शहापूर-मुरबाडच्या कर्जदाराला तेव्हा मिळाले नाही.

आता वाटण्याविषयी. लुटीचे पैसे गरिबांना वाटले, या गोष्टी प्रेमाने सांगितल्या जातात. मला वेगळे काही महत्त्वाचे वाटते. चार जिल्ह्यांचे पोलीस मागे लागलेले असताना टोळी डोंगरात वर्षानुवर्षे टिकते ती कुणीतरी भाकर पोचवते म्हणून. कुणीतरी शिपाई निघाल्याचा निरोप देते, कुणीतरी जखमेवर पाला बांधते, आणि पकडले गेल्यावर मार खाऊनही तोंड उघडत नाही. देण्याचा ओघ बंडकऱ्याकडून गावाकडे जात होता असे आपण समजतो. खरे तर तो गावाकडून बंडकऱ्याकडे जात होता. आजोबाच्या पायथ्याशी किंवा माळशेजखालच्या पाड्यात ज्यांच्या चुलीवर ती भाकर भाजली गेली, त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. राघोजींच्या गोष्टीतला मला सर्वांत अभिमानाचा भाग तो वाटतो.

शेवटी ते पंढरपूरला सापडले. वारकऱ्यांच्या गर्दीत असताना लेफ्टनंट गेलच्या माणसांनी त्यांना धरले. खटला झाला आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. हा तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. मराठ्यांनी 1737 मध्ये तो पोर्तुगीजांकडून जिंकला होता, 1774 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. एके काळी अशाच किल्ल्यांची राखण करणाऱ्यांच्या वंशातला माणूस शेवटी एका किल्ल्यात फासावर गेला. 1910 मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनाही तिथेच फाशी झाली. दरवर्षी 2 मे रोजी डोंगरातून माणसे ठाण्याला येतात आणि राघोजींना अभिवादन करतात.

गैरसमज: इंग्रजांविरुद्धचे बंड 1857 मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्रात पहिले हत्यार उचलले वासुदेव बळवंतांनी.

राघोजींना फाशी झाली तेव्हा सत्तावन्नला नऊ वर्षे होती आणि वासुदेव बळवंत फडके अडीच वर्षांचे होते. फडक्यांनी 1879 मध्ये बंड उभारले ते रामोशी आणि कोळी माणसे सोबत घेऊनच. त्यांचे शौर्य याने तसूभर कमी होत नाही. पण त्यांच्या आधीची पन्नास वर्षे पुसली की या डोंगरातला माणूस इतिहासात फक्त सोबती म्हणून उरतो.

गैरसमज: एकदा बंडखोर झाला की तो आणि सरकार कायमचे आमनेसामने.

इथे गोष्ट अवघड होते. मला ती टाळता येत नाही.

राघोजींच्या फाशीला दहा वर्षेही झाली नव्हती. सत्तावन्नच्या उठावाची धग नाशिक-नगरकडे पोचली. भागोजी नाईकाच्या पुढारीपणाखाली भिल्ल उठले. ऑक्टोबर 1857 मध्ये नांदूर शिंगोटेजवळच्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. डोंगरात लढायला डोंगरातलीच माणसे लागतात हे इंग्रजांना राघोजींनी शिकवले होते. त्यांनी महादेव कोळ्यांचीच एक पलटण उभी केली, नटाल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि तिला भिल्लांवर सोडले. पलटण चांगली लढली. 1859 च्या अखेरीस पोलीस अधिकारी सौटरच्या माणसांनी भागोजी नाईकाला मारले. 1861 मध्ये पलटण मोडीत काढली गेली आणि काम संपलेली माणसे पुन्हा डोंगरात परतली.

बापाच्या पिढीचा राखणदार दरोडेखोर ठरवला गेला, मुलाच्या पिढीला त्याच सरकारने गणवेश चढवला, आणि गरज सरल्यावर तोही उतरवून घेतला. कोळी बंडाची गाणी गाणारे हा भाग सांगत नाहीत. मला वाटते तो सांगायला हवा, कारण भरती झालेल्या माणसाकडे दुसरे काय होते? पगार परत मिळत होता. चाळीस वर्षांपूर्वी तुटलेली नेमणूकच तर हवी होती.

त्या चिनी कादंबरीत नेमके हेच घडते. ल्यांगशानचा म्होरक्या सुंग ज्यांग हा एक साधा सरकारी कारकून. 108 वीर जमल्यावर तो बादशहाची माफी स्वीकारतो. मग बादशहा या वीरांना दुसऱ्या बंडखोराविरुद्ध, फांग लाविरुद्ध, लढायला पाठवतो. त्या मोहिमेत बहुतेक सगळे मरतात. लिन छुंग जिवंत परततो खरा, पण अर्धांगवायूने हांगचौच्या एका मठात पडून राहतो आणि तिथेच संपतो. इतिहासात सुंग ज्यांग खरोखर होऊन गेला. जुन्या नोंदींत त्याच्याबरोबरचे म्होरके 36 आहेत, 108 नाहीत, आणि तो 1121 मध्ये सरकारला शरण आला. सोळाशे एक्केचाळीसमध्ये जिन शंगथान नावाच्या संपादकाने कादंबरीचा शेवटचा सगळा भाग, म्हणजे माफी आणि त्यानंतरच्या मोहिमा, कापून टाकला आणि सत्तर अध्यायांची प्रत छापली. पुढे कित्येक पिढ्यांनी तीच वाचली. वीर एकत्र जमतात तिथेच गोष्ट थांबलेली वाचकांना बरी वाटली.

आपणही राघोजींनंतरची पाने कापलेली प्रतच वाचतो.

गैरसमज: राघोजी, होन्या आणि भाई कोतवाल ही एकाच टोळीतली माणसे.

म्हसाच्या यात्रेत एका म्हाताऱ्या माणसाने मला ही तीन नावे एका दमात सांगितली, जणू तिघे एकाच घोंगडीखाली झोपले होते. त्याच्या मनात ती एकत्र नांदतात यात चूक नाही, डोंगर तोच आहे. पण कालक्रम असा आहे. राघोजींचा शेवट 1848. होन्या भागोजी केंगले यांनी 1873 च्या सुमारास पुणे, नगर आणि ठाण्याच्या डोंगरांत सावकारांविरुद्ध हत्यार उचलले. 1876 मध्ये मेजर डॅनियलने त्यांना पकडले. तीन वर्षांनी वासुदेव बळवंतांना पकडणाराही हाच डॅनियल.

भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, त्यानंतर दोन पिढ्यांनी आले. माथेरानच्या नाभिक घरातला मुलगा, शिकून वकील झालेला. 1942 च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून कारखान्यांचा श्वास कोंडला. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात त्यांचा तळ होता. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे पोलिसांनी तो वेढला आणि गोळीबारात ते व त्यांचे साथीदार हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडाखाली माणसे जमतात. सरकारी कागदात तेही फरार गुन्हेगारच होते. पण त्यांच्या बाजूने लिहिणारे, छापणारे, सभा घेणारे लोक होते, आणि पाच वर्षांत देश स्वतंत्र झाला. राघोजींच्या वेळी कागद फक्त एकाच बाजूकडे होता.

त्या पोराला मी आठवड्याने उत्तर दिले. सगळ्या वर्गापुढे, कारण हसलाही सगळा वर्ग होता. रामायणात वाल्या कोळी नाही हे सांगितले, अध्यात्म रामायणातला वाटमाऱ्या कोण होता ते सांगितले, आणि घाटाची राखण कुणाकडे होती तेही. फळ्यावर आजोबा, रतनगड, माळशेज, नाणेघाट काढले, वाटा काढल्या. त्याने सगळे वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या तासाच्या आधीच दारात उभा होता.

“सर, आजा म्हनतो, आमच्याकडंबी घाटाची राखण व्हती.”

मी म्हटले, असणारच.

“मंग पगार किती व्हता? आन तो बंद कोनी केला, त्याचं नाव आहे का पुस्तकात?”

घंटा झाली. मी त्याला वर्गात घेतले, त्या दिवसाचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिले, 1818.